ओफेलियाच्या गच्चीवरचा क्रूस

नणंदेचं नवं स्वयंपाकघर बघून आल्यापासून ओफेलियाला घास गोड लागत नव्हता. खरं तर नणंदेचं काहीच तिला कधी गोड लागलं नाही. रेबेकाचे दाट केस, तिच्या पांचट केकचं सासूने केलेलं कौतुक, सगळं तिने कसंबसं गिळलं होतं. स्वयंपाकघर मात्र घशातच अडकलं.

रेबेकाने पुएब्ला शहरातून रेनाता नावाची इंटिरियर डिझायनर आणली होती. खोलीच्या मधोमध ओटा, भोवती उंच स्टुलं, भिंतीला शेवाळी रंग, आणि डबेबिबे कुठे दिसायलाच नकोत.

"वहिनी, हात लावून तर बघा, दगड कसा गार लागतो," रेबेका म्हणाली.

ओफेलियाने हात लावला. दगड गार होता खरा, पण हिच्या अंगाची लाही लाही झाली.

आता ओफेलियाचं घर काही पडकं नव्हतं. आमच्या मेक्सिकोतल्या अत्लीस्को गावात तिची आणि नवऱ्याची, सातुर्नोची, फुलझाडांची रोपवाटिका होती. मातीत हात काळे करून दोघांनी घर वाढवलं. आधी एक खोली, मग पोरांची, मग गच्ची. आणि हे सगळं उभं केलं निकान्द्रोने. निकान्द्रो गवंडी, लहानसहान ठेके घ्यायचा. ओफेलियाच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. आमच्याकडे या नात्याने माणसं एकमेकांची कोंपाद्रे-कोमाद्रे होतात, पुरुष कोंपाद्रे आणि बाई कोमाद्रे. सख्खा भाऊ भांडून बोलणं टाकेल, पण कोंपाद्रे टाकायचा नाही.

मेच्या तीन तारखेला, क्रूसाच्या सणाला, गवंडी आपल्या चालू कामाच्या सगळ्यात उंच जागी कागदी फुलांचा क्रूस उभारतात, अग्निबाण सोडतात, आणि घरची बाई त्यांना जेवू घालते. ओफेलियाकडे निकान्द्रोचं काही ना काही काम दर वर्षी निघायचंच. कधी जिना, कधी नुसता कठडा. त्यामुळे क्रूस तिच्याच गच्चीवर. मिरच्या आणि चॉकलेट वाटून केलेल्या दाट मोलेत टर्की रटरटायची आणि अख्खी गल्ली बोटं चाटत उठायची.

"कोमाद्रे, तुमच्या मोलेसाठी मी बांधलेली भिंत पाडून परत बांधीन," निकान्द्रो म्हणायचा, आणि ओफेलिया लाजून पातेल्यात डाव फिरवायची.

"स्वयंपाकघर नवं करायचंय ना? मग निकान्द्रोला सांगू की," सातुर्नो म्हणाला.

"त्याला सांगितलं तर तो स्वयंपाकघरच बांधेल."

"मग तुला काय देऊळ हवंय?"

"मला वन्संच्या नाकावर टिच्चून हवंय!"

घ्या! बोलली एकदाची. सातुर्नोने टोपी डोक्यावर घातली आणि रोपांना पाणी घालायला निघून गेला.

ओफेलियाने निकान्द्रो आणि रेनाता दोघांनाही बोलावून ठेवलं होतं. निकान्द्रो आधी आला. टेप लावून माप घेता घेता म्हणाला, "कोमाद्रे, ही खिडकी मोठी करू. पोळ्या लाटताना गावामागचा ज्वालामुखी दिसेल." तेवढ्यात रेनाता आली. पांढरे स्वच्छ कपडे, हातात रंगांचे नमुने. तिने निकान्द्रोच्या सिमेंटने माखलेल्या विजारीकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

"हा? हा आमचा गवंडी," ओफेलिया म्हणाली.

अगं बाई, 'कोंपाद्रे' म्हणायला जीभ झडली असती का तुझी?

निकान्द्रोने टेप गुंडाळली. "येतो मी," म्हणाला, आणि कॉफी न घेता गेला. ओफेलियाला कुठेतरी खुपलं, पण रेनाताने शेवाळी रंगाचा नमुना पुढे केला आणि ती विसरली. कोंपाद्रे जातोय कुठे, येईल आपोआप.

काम रेनाताला मिळालं. ओटा रेबेकाच्या ओट्याहून हातभर लांब झाला. रंगाचा शेवटचा हात राहिलेला असतानाच ओफेलियाने नणंदेला मुद्दाम बोलावलं. आता हिचं तोंड कसं होतं ते बघायचंच होतं. रेबेकाने सगळीकडे नजर फिरवली, "छान झालंय हो," म्हणाली आणि लगेच विचारलं, "निकान्द्रो आता मोकळा असेल ना? मला वर एक खोली काढायचीय."

"मोकळाच आहे. घेऊन जा की," ओफेलिया तोऱ्यात म्हणाली. "आम्हाला आता त्याचं काय काम?"

तीन मेला मात्र ती उजाडायच्या आत उठली. मोले शिजला, टर्की शिजली. रेनाताचे कामगार काही आले नाहीत. फोन केला तर रेनाता म्हणाली, "आज गवंड्यांची सुट्टी, सगळे आपापल्या गावी गेलेत. क्रूस? तो कशाला हवाय आपल्याला?"

तेवढ्यात आभाळात बाण फुटला. ओफेलिया धावत गच्चीवर गेली. पलीकडच्या गल्लीत रेबेकाच्या अर्धवट बांधलेल्या खोलीवर क्रूस उभा होता. जांभळी, पिवळी कागदी फुलं वाऱ्यावर फडफडत होती. रेबेकाची शेवाळी भिंत बघून झालेला जळफळाट यापुढे काहीच नव्हे. माझा क्रूस! माझी माणसं! खाली येऊन तिने पातेलं उचललं.

"कुठे निघालीस?" सातुर्नोने विचारलं.

"वन्संना मदत करायला."

रेबेकाच्या गच्चीवर नुसता गलका होता. रेबेकाचा मोले पाण्यासारखा पातळ, तरी गडी मिटक्या मारत होते. आज क्रूसाची धर्ममाता म्हणून रेबेकाच उभी राहिली होती, आणि हे नातंही बाप्तिस्म्याच्या नात्याइतकंच पक्कं. निकान्द्रो तिचा पेला भरत म्हणत होता, "घ्या, कोमाद्रे, लाजू नका!"

ओफेलिया जिन्याच्या तोंडाशीच थबकली. निकान्द्रोने तिला बघितलं. लगबगीने उठला, टोपी काढली, एक खुर्ची ओढून हाताने पुसली. तो रागावला असता तर ती भांडली असती, रडली असती, पाय धरले असते. पण त्याच्या चेहऱ्यावर रागाचं नाव नव्हतं. तिने त्याच्या ताटात मोले वाढला आणि तो चाखेपर्यंत तिथेच उभी राहिली.

"कसा झालाय, कोंपाद्रे?"

"फार छान," निकान्द्रो अदबीने म्हणाला. "बसा ना, बाईसाहेब."