निकालाच्या दिवशीचं कानातलं

मुंबईत बारा वर्षं मी रिअ‍ॅलिटी शोचा एडिटर होतो. गाण्याच्या स्पर्धा, नाचाच्या स्पर्धा, लहान पोरांच्या, आजीआजोबांच्या, काही सोडलं नाही. बघणाऱ्याला कुठे रडवायचं ते मला बरोबर कळायचं. मग बायकोला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी लागली आणि मी तिच्या डिपेंडंट व्हिसावर इथे आलो. इथे मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गुजराती लग्नं, पंजाबी लग्नं, कधीमधी एखादं आपलं. रडणारी माणसं अजूनही कापतोच, फक्त ही खरी रडतात.

कोरियन शोचा नाद बायकोला आजारपणात लागला. केमोच्या खुर्चीत शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीनं तिला तो लावून दिला होता. नव्याण्णव मुली, त्यातून नऊ निवडायच्या आणि त्यांचा बँड करायचा. दर थोड्या आठवड्यांनी लोकांच्या मतांवर निकाल, खालच्या नंबरच्या मुली घरी. नवा भाग शुक्रवारी यायचा, इंग्लिश सबटायटल्स यायला संध्याकाळ व्हायची, म्हणून आम्ही शनिवारी सकाळी बघायचो. ती सोफ्यावर, पायाशी हॉट वॉटर बॉटल, हातात कोमट चहा. मी शेजारी.

मी आधी नाक मुरडलं. पोरींना ओळीत उभं करून रडवायचं, त्यात नवीन काय, आम्ही तेच करत आलो. पण पहिल्याच भागात माझी बोलती बंद झाली. आमच्याकडे सात कॅमेरे असायचे आणि त्यातला एक कायम बिघडलेला. इथे प्रत्येक मुलीच्या चेहऱ्यावर एक कॅमेरा असावा असं वाटत होतं. लाइट असा की नव्याण्णव तोंडांपैकी एकावरही सावली नाही. आवाज इतका स्वच्छ की गाणं सुरू करण्याआधी मुलीनं घेतलेला श्वास ऐकू यायचा. मला हेवा वाटला. खरं सांगायचं तर राग आला. एवढं नीट काम मला उभ्या आयुष्यात करायला मिळालं नव्हतं.

आणि राग आला की मी चुका शोधायला लागतो. पाचव्या भागात निकाल लागला, एक मुलगी ओक्साबोक्शी रडली, बायकोच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी रिमोट घेऊन मागे नेलं. म्हटलं, हिचे कान बघ. लांबच्या शॉटमध्ये मोती आहे, जवळच्या शॉटमध्ये रिंग. हे रडणं या दिवसाचं नाही, दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचं उचलून इथे चिकटवलंय. निकालाच्या दिवशी सगळ्या मुली एकच गणवेश घालायच्या, त्यामुळे असं करणं सोपं होतं. पण कानातलंही जुळवायला हवं हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी खूश होतो. बायकोनं डोळे पुसले आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली की आता तिला मुलींचे फक्त कानच दिसतात.

त्या नव्याण्णवांत बायकोची एक लाडकी मुलगी होती. ओळीत शेवटून दुसरी उभी राहायची, कॅमेरा तिच्यावर क्वचितच यायचा. बायकोनं तिला निवडलं कारण दुसरीचं नाव पुकारलं की ही सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायची. आधीच्या अशाच एका शोमधून ही मुलगी बाहेर पडली होती, तरी पुन्हा आली होती. बायको स्वतः इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेली. ती रोज सकाळी गोळ्या घेतल्या की फोनवरून त्या मुलीला मत द्यायची. गोळी एखादवेळी चुकली असेल, मत नाही.

आठव्या भागात त्या मुलीला एकदम सहा मिनिटं मिळाली. बंदरावर मासे सुकवणारी आई, आईचा फोन, फोनवर दोघींचं रडणं. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच. जिला कधी दाखवलं नाही तिच्या घरचं दाखवायला लागले, की तिला निरोप द्यायची तयारी चालली आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "गेली ही."

बायकोनं शो थांबवला. दोन दिवसांपूर्वी तिचा स्कॅन झाला होता आणि कन्सल्टंटनं सांगण्याआधीच तिनं तो स्वतः वाचला होता. ती रागावली नाही, हळूच म्हणाली, "अरे, माझा निकाल मी वाचलाय. हिचा तरी मला आधी सांगू नकोस. एकदा फक्त गप्प बसून बघ ना माझ्याबरोबर."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिनं शो पुन्हा सुरू केला. निवेदकानं खूप वेळ लावला आणि शेवटी त्याच मुलीचं नाव घेतलं. ती राहिली. मुलीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले, कानातल्या निळ्या रिंगा हलल्या. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की जणू तिनंच मला हरवलं होतं. त्या आजारपणात तिला एवढी खूश मी तेव्हा एकदाच पाहिली.

शेवटच्या भागापर्यंत ती मुलगी पोचली, पण बायको घरी राहिली नव्हती. शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना ठेवतात त्या शहराबाहेरच्या हॉस्पिसमध्ये तिला बागेकडची खोली मिळाली होती. शुक्रवारी ती दिवसभर झोपून होती. मी खुर्चीत बसून, कानात इअरफोन घालून, सबटायटल्सशिवाय निकाल बघितला. भाषा कळली नाही तरी आकडे कळत होते. तिची मुलगी दहावी आली. एका नंबरानं गेली. शेवटचे दोन दिवस तिच्या फोनवरून मत द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि धावपळीत मी ते विसरलो होतो. एका घरच्या मतानं काही झालं नसतं हे मला कळतं. तरी ते माझ्या मनातून जात नाही.

शनिवारी तिनं विचारलं. मी म्हटलं, फायनल पुढे ढकललीय, सोमवारी येईल. ती बरं म्हणाली.

शनिवार आणि रविवार, ती झोपली की मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो. फायनलमधला निवेदकाचा तो लांबलचक थांबा घेतला. आठव्या भागातून त्यानं घेतलेलं मुलीचं नाव आणून त्याला जोडलं. आवाजाचा सांधा कळू नये म्हणून खाली प्रेक्षकांचा गलका चढवला. तिचे हात तोंडावर जातात तो आठव्याच भागातला शॉट, मग फायनलमधल्या टाळ्या, मग बाकीच्या मुली तिला मिठी मारतात तो. सबटायटल्स तशाच अक्षरांत स्वतः लिहिली. बारा वर्षांत एवढा चोख कट माझ्या हातून झाला नव्हता.

सोमवारी सकाळी नर्सनं तिला उशांना टेकवून बसवलं. मी लॅपटॉप ट्रेवर ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसलो. ती पूर्ण दीड तास बघू शकणार नव्हती, म्हणून मी फक्त निकाल लावला. निवेदक थांबला. बायकोची बोटं माझ्या मनगटावर आवळली गेली, तेवढी ताकद तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. नाव आलं. मुलीनं हात तोंडावर ठेवले.

निळ्या रिंगा हलल्या.

मी तेव्हा पाहिलं. त्याच्या आधीच्या शॉटमध्ये, फायनलच्या ओळीत उभी असताना, तिच्या कानात मोती होते. दोन दिवस मी आवाज जपला, हात जपले, अक्षरं जपली, आणि ज्या चुकीसाठी आयुष्यभर दुसऱ्यांना हसलो तीच माझ्या हातून राहून गेली. मी स्क्रीनकडेच बघत राहिलो. बायकोकडे बघायचा मला धीर होईना.

बाकीच्या मुली मिठ्या मारून झाल्या, चित्र थांबलं. मग तिनं माझ्या मनगटावरचा आपला हात उचलून स्वतःच्या कानाला लावला, जिथलं कानातलं आम्ही महिन्यापूर्वीच काढून ठेवलं होतं. मला हुंदका आवरेना. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

ती म्हणाली, "राहू दे. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं आणि तिच्याबरोबर गप्प बसून बघितलं.