नळी अस्वच्छ

काचेची नळी धुऊन झाली की चाचा ती खिडकीकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “दाग दिसला तं लपवाचा नाई, मॅडम. पुन्हा धुवाचा.” मग दाग दिसला नसला तरी पुन्हा धुवायचे.

अमरावतीतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. रोज वलगावहून सायकलनं यायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. साहेब येतात-जातात, तो तिथंच असतो आणि खरी सत्ता त्याचीच चालते. ओल्या हातानं कपाट उघडलं म्हणून चाचांनी एकदा विभागप्रमुखांनाही दाराबाहेर उभं केलं होतं.

माझा पीएचडीचा विषय मोठ्या आतड्याचा कॅन्सर. “एवढं रक्त जमा करून काय पाहून राहिल्या?” चाचांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी सांगितलं, आतड्यात वर्षानुवर्षं सूज राहिली, तर तिथं ऑक्सिजनची काही उपद्रवी रूपं तयार होत राहतात. जंतूंसाठी असलेला तो मारा आपल्याच पेशींना लागतो, आणि लागून लागून एखादी पेशी बिघडते. त्या माऱ्याच्या खुणा मी रक्तात मोजते.

“म्हंजे लोखंडावानी अंदरून जंग लागते आदमीले,” चाचा म्हणाले. माझ्या अख्ख्या पहिल्या प्रकरणापेक्षा हे बरं होतं.

तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्तही हवं होतं. सुई पाहून विद्यार्थी पळायचे. चाचांनी आपणहून बाही वर केली. “घ्या. साठीले आलो, तरी सायकल सोडली नाई.”

आधी एक फॉर्म भरायचा असे. त्यात प्रश्न होता: शौचातून रक्त जातं का? बापाच्या वयाच्या माणसाला हे कसं विचारायचं, म्हणून मी विचारलंच नाही. स्वतःच ‘नाही’वर खूण केली. आतड्याच्या कॅन्सरवर संशोधन करणारी मी, आणि मला संडासाचं नाव काढायची लाज वाटली!

चाचांचा आकडा निरोगी गटात बसेना. तो थेट रुग्णांच्या रांगेत गेला. दुसऱ्या नळीत पुन्हा चाचणी केली. तोच आकडा. असा आकडा अनेक कारणांनी वाढतो, त्यावरून कॅन्सर ठरत नाही, हे खरं आहे. पण चाचा चार पावलांवर उभे होते. उठून विचारता आलं असतं. माझा आलेख मात्र सुरेख जमला होता आणि तो एक ठिपका त्याची शोभा घालवत होता. मी नमुना बाद केला आणि नोंदवहीत कारण लिहिलं: नळी अस्वच्छ.

चाचांनी धुतलेली नळी.

इकडे ते कॅन्टीनमध्ये सांगत होते, “मी मॅडमच्या थीसिसमंदी हावो. निरोगी मानूस म्हनून.” त्यांना रक्त जात होतं. चाची डॉक्टरकडे चला म्हणायच्या, तर म्हणत, “काहून? मॅडमनं तपासलं ना मले!” हे मला चाचींनीच सांगितलं, अकोल्याच्या दवाखान्यात, आजार फार पुढे गेल्यावर. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मी कबुली द्यायलाच अकोल्याला गेले होते. वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. चाचा पार वाळले होते. मला पाहताच शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, “ह्या आमच्या मॅडम. ह्यायच्या थीसिसमंदी माहं रक्त हाय.”

“चाचा, तुमचा तो नमुना...”

“पह्यले पानी प्या. उन्हातून आल्या.”

चाचींनी आणलेला काचेचा ग्लास त्यांनी आपल्या हातात घेतला. खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला. मग ग्लास चाचींना परत दिला.

“पुन्हा धू. मॅडमले दाग चालत नाई.”

चाची ग्लास धुऊन येईपर्यंत वेळ होता. मी पाणी प्यायले आणि पाठ केलेलं वाक्य तसंच घेऊन परतीच्या बसमध्ये बसले. पुढच्या महिन्यात चाचा गेले.