धाकट्या पातीची घोडी

आमच्या घरात 'बास' हा शब्द जपून वापरावा लागे. पानात भात वाढताना कुणी बास म्हणालं की माझे सासरे मान वर करून बघत. त्यांना वाटे, वाद्याबद्दल काही चाललंय.

मामंजी देवासला थोरल्या पातीच्या बँडमध्ये बास वाजवायचे. बास म्हणजे व्हायोलिनचा आजोबा समजा. माझ्याहून वीतभर उंच, उभ्याने, गज ओढून वाजवायचा, आणि आवाज असा की कानांआधी पायांना कळावा. देवास म्हणजे एका गावात दोन संस्थानं: बाजाराच्या रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दरबार दोन, बँड दोन आणि प्रत्येकात एकेक बास. ते दोघे बासवाले वीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. भांडण असं काही नव्हतं. मामंजी एवढंच म्हणत की पलीकडचा गज ओढत नाही, केर काढतो. माझं माहेर धाकट्या पातीतलं, त्या पलीकडच्यांच्या घरापासून तिसरं दार. मी त्यांना काका म्हणे. रस्ता ओलांडून सासरी आले, एवढाच माझा प्रवास.

संस्थानं विलीन झाली, बँड मोडले. बास कुणालाच नको होता म्हणून मामंजींना मिळाला. पुढे ह्यांची बदली धारला झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. बास मी स्वतः दोन गोधड्यांत गुंडाळला. आत थोडी जागा उरली होती, म्हणून माझा वरवंटाही तिथेच सरकवला. पाटा पोत्यात, वरवंटा गोधडीत. वाटेत हरवायला नको ही माझी दूरदृष्टी.

इंदूरला बस बदलताना क्लीनरने ह्यांना विचारलं, भिया, यात काय आहे? हे म्हणाले, बास. तिकडच्या बोलीत बास म्हणजे वास. त्याने वाकून गोधडी हुंगली आणि म्हणाला, "बास तो नी आ री." आम्ही हसलो. हसायचं तेवढं तिथेच हसून घेतलं हे बरं झालं.

धारला गोधड्या सोडल्या. वरवंटा धडधाकट होता. बासच्या तारा ज्यावर टेकतात ती लाकडी घोडी, तिचे तीन तुकडे झाले होते. दोन तारा तुटलेल्या, आणि पोटाला लांब चीर. मामंजींनी वरवंटा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. तशी आमच्यात सुनेशी फार बोलायची पद्धत नव्हती. पण त्या दिवशी रागावले असते तर पुढचं बरंच टळलं असतं.

जेवण झालं की ते दारात बसत आणि डाव्या हाताची बोटं काठीवर एकेक करून दाबत. स्वयंपाकघरातून मला ते दिसे. ती बोटं चालताहेत तोवर बास वाजता झाला पाहिजे, हे मी मनाशी ठरवलं.

ह्यांच्या पगारात वाद्य दुरुस्त करणारा बसत नव्हता. मग टांग्यांची चाकं करणाऱ्या सुताराकडून चीर सरसाने सांधून घेतली. पिंजारी कापूस पिंजतात त्या धनुकलीची तात आणून तारांच्या जागी ओढली. सरसाचा दर्प आठ दिवस घरात होता. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "भाभी, बास आ री हे." मी कणीक मळता मळता बोलून गेले, "हां, ससुरजी की हे." आत मामंजी खोकले. ते हसू होतं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

घोडी मात्र जमेना. सुताराने बाभळीची करून दिली. मामंजींनी एकदाच गज ओढला. पाट्यावर ओली डाळ वाटावी तसा आवाज आला. "बास," ते म्हणाले, आणि वाद्य भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

भाऊबिजेला माहेरी गेले तेव्हा मी काकांकडे गेले. त्यांचा बास कोपऱ्यात होता, आणि उजवा हात एका दुखण्यानंतर मांडीवर नुसता ठेवलेला. वरवंट्याची हकीकत ऐकून ते पोट धरून हसले. मग म्हणाले, तुझे सासरे वाजवतात कुठे, विहिरीतून पाणी शेंदतात. असं म्हणत म्हणतच त्यांनी डाव्या हाताने आपल्या बासच्या तारा सैल केल्या, घोडी काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

"काका, मग तुमचा?"

"माझा आता काय वाजतोय, पोरी. त्यांचा वाजला की दोन ओळी टाक. दारात उभा राहून ऐकेन. आत येणार नाही, हे त्यांना सांगून ठेव."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

धारला आल्यावर मामंजींनी घोडी हातात फिरवली आणि कुठली म्हणून विचारलं. पलीकडच्याची म्हटलं तर ते ती परत करतील, या भीतीने माझ्या तोंडून निघालं, "इंदुरात मिळाली, मामंजी."

त्यांनी घोडी बसवली, तारा चढवल्या, गज ओढला. फडताळातली पितळेची भांडी गुणगुणू लागली. ते बराच वेळ वाजवत राहिले. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "छान आणलीस हो, सूनबाई." लग्नानंतर त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. ती मी वर्षभर पुरवून खाल्ली.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी वाजवत, आणि वाजवताना रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवायला लावत. थंडीतसुद्धा. मी कुरकुरे, कारण शेजारणीची बकरी आत येऊन ऐकत उभी राही आणि जाताना माझी कोथिंबीर खाऊन जाई.

मी कार्ड आणलं होतं. त्यावर काकांचा पत्ताही लिहिला होता. पण काका आले की माझं इंदूर उघडं पडणार होतं. संक्रांत होऊ दे म्हटलं, मग होळी, मग पापड. कार्ड पापडांच्या डब्याखाली गेलं.

दिवाळीच्या तोंडावर भावाचं पत्र आलं. घराची कौलं, आईचे गुडघे, आणि शेवटी एका ओळीत, तिसऱ्या दारचे काका गेले.

त्या संध्याकाळी मामंजी गज हातात घेत होते. मी दाराआड उभी राहून सगळं सांगितलं. घोडी, इंदूर, कार्ड.

"घोडी त्याची, हे पहिला गज ओढला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "वीस वर्षं रस्त्यापलीकडून तोच आवाज ऐकला की."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"मला वाटलं, नाव सांगू नको म्हणून त्यानेच बजावलं असेल. त्याचा शब्द कशाला मोडायचा?" गज खाली ठेवत म्हणाले, "कधी तरी येईल म्हणून दार उघडं ठेवत होतो."

त्यांनी खुंट्या एकेक करून सैल केल्या, घोडी काढली आणि माझ्याकडे दिली. माहेरी जाशील तेव्हा त्याच्या घरी पोचव, म्हणाले. मी गेले. काकांच्या मुलाने तोवर त्यांचा बास एका नाटकमंडळीला देऊन टाकला होता. ती मंडळी कुठली हे त्याला आठवेना. बायकोला विचारून सांगतो म्हणाला, तिलाही आठवेना.

घोडी परत आणली. मामंजींनी ती बसवू दिली नाही. दुसरी करून घेऊ म्हटलं तर, "बास," म्हणाले. या वेळी अर्थ विचारावा लागला नाही.

आता ती माझ्या शिवणयंत्राच्या खणात असते, दोऱ्याच्या रिळांबरोबर. नातवंडं विचारतात हे काय, मी सांगते घोडी, आणि मग ती तिचं तोंड शोधत बसतात. तिच्याखालीच ते कार्ड आहे. पत्ता नीट लिहिलेला आहे, अक्षरही बरं आहे. मजकुराची बाजू तेवढी कोरी.