आभाराला उभी राहिले

आमच्या भागात पाहुणा आला की त्याला फेटा बांधल्याशिवाय कुणी बोलू देत नाही. मी कुणाला नावं ठेवणार? त्या दिवशीचा फेटा मीच विकत आणला होता.

मी कुंडलला भडंग करते. म्हणजे पिशव्या भरणं आणि दुकानदारांशी भांडणं माझ्याकडं, भट्टी सासूबाईंची. घराला लागूनच लाकडावरची भट्टी, आणि झारा त्यांचा. मला त्याला हातसुद्धा लावू देत नसत. गेल्या वर्षी सरकारच्या नव्या उद्योग धोरणाचा मसुदा आला. त्यात एक ओळ निघाली, लाकूड जाळणाऱ्या भट्ट्यांनी गाव सोडून औद्योगिक वसाहतीत जावं. मी ती मोठ्यानं वाचली. सासूबाईंचे गुडघे त्यांना पुढच्या गल्लीपर्यंतही नेत नाहीत. त्यांनी झारा माझ्या हातात दिला.

"धर. तिकडं तूच जा. मी बसते कट्ट्यावर."

आणि खरंच जाऊन बसल्या. त्या दिवशी मी चुरमुरे करपवले, तरी एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं.

त्याच मसुद्यावर साताऱ्यात बैठक ठरली. छोट्या उद्योजकांनी यावं आणि काय बदलायला हवं ते सांगावं, असं खुद्द सरकारच म्हणत होतं. मुंबईहून मोठ्या अधिकारी मॅडम येणार होत्या. आम्हाला कुणी काही विचारतंय, याचंच आम्हाला इतकं अप्रूप की सूचना कुणी लिहूनच आणल्या नाहीत. हार मात्र सगळ्यांनी आणले.

"माझ्याकडे तासभर आहे," मॅडम म्हणाल्या. "थेट सूचनांनाच सुरुवात करू या."

जोरात टाळ्या पडल्या आणि सत्कार सुरू झाले. सातारकरांनी शाल दिली. मग सांगलीनं काय हात बांधून बसायचं? आम्ही फेटा बांधला. आटपाडीच्या डाळिंबाच्या रसवाल्यानं वेगळा हार घातला, कारण आमच्या फेट्यात त्याला धरलं नव्हतं म्हणे. शेवटी म्हसवडचा घोंगडीवाला उठला. "मॅडम, आमचं घोंगडं न्हाई पांघरलं तर गावात काय तोंड दाखवू?" भर मे महिन्यात त्यानं ते त्यांच्या खांद्यांवर टाकलं. फेट्याखाली आणि हारांवर मॅडमचा नुसता चष्मा उरला. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. तेवढ्यात घड्याळाकडं लक्ष गेलं. तास संपत आला होता.

"आता आभारप्रदर्शन!" निवेदक म्हणाला. बायकांनाही काहीतरी द्यावं म्हणून आभार माझ्याकडं होते.

आभार म्हटल्यावर निम्मी सभा चहाकडं पळाली. पाहुण्यांना मात्र उठता येत नाही. मी माईक घट्ट धरला.

"मसुदा लिहिणाऱ्यांचे आधी आभार. त्यांच्या एका ओळीमुळं माझ्या सासूबाईंना जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळाली. चार दिवस झाले, जेवत नाहीत, पण सुट्टी आहे. धूर आम्हालाही नको, खोकतो आम्हीच. उंच धुराडं बसवा म्हणा, बसवते. पण भट्टी वसाहतीत गेली तर माझी सासू कुठं न्यायची, तेही त्या ओळीत लिहा. धन्यवाद."

मॅडमनी घोंगडं बाजूला सारलं. "पेन आहे का कुणाकडे?"

आणि मग चहाकडं गेलेली माणसं परत धावली. रसवाला कपासकट माईकपाशी आला. "मलाबी आभार मानायचं हायेत!" त्याच्यामागं घोंगडीवाला. "गड्या, सर की. माझं आभार लय मोठं हायेत." बघता बघता रांग लागली. कुणी विजेच्या आकाराबद्दल आभार मानले, कुणी परवान्याच्या चकरांबद्दल. मॅडम फेट्यासकट लिहीत होत्या, हसत होत्या. गाडी खाली ताटकळत होती आणि आभार काही संपत नव्हते.

पुढं धोरण पक्कं होऊन आलं. ती ओळ बदलली होती. धुराडं उंच बसवलं तर जुन्या भट्ट्या गावातच राहणार होत्या. मी कुंडलला कट्ट्यापाशी उभी राहून वाचलं. सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे मी हितंच?"

"हितंच, आत्या."

त्या भिंतीला धरून उठल्या, भट्टीपर्यंत आल्या आणि माझ्यापुढं हात पसरला.

"आन हिकडं माझा झारा. सगळा माल करपवलास की गं."

मी झारा दिला. इतकी गोड बोलणी मी आजवर खाल्ली नव्हती.