देवघरातली बसलेली बाई

धाकट्या भावाच्या लग्नाआधी देवांचे टाक उजळून आणायला आईने माझ्याकडे दिले. चांदीचे चार आणि सोन्याचा एक, देवीचा. सोन्याच्या टाकावरची देवी फार झिजली होती. खुर्चीवर बसलीय, हातात काठी आणि डहाळी आहे, एवढंच कळायचं. मी शहाणपणा केला. औरंगपुऱ्यातल्या आमच्या सोनाराला सांगितलं, हा आटवून त्याच सोन्यात नाकीडोळी नीट अशी नवी देवी करा. आईला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेंद्र्याच्या कारखान्यात मीटिंगमधून बाहेर आले तर सोनाराचे पाच मिस्ड कॉल आणि एक फोटो. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू रिठ्याने धुऊन निघालेली टाकाची मागची बाजू. तिथे एका पुरुषाचा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट, भोवती परकी अक्षरं. फोटोखाली सोनाराने लिहिलं होतं, ‘रोमन नाणं वाटतंय. दुपारी भट्टी लावतो. आटवू ना?’

मी फोन केला तर लागेना. स्कूटर काढली. जालना रोडवरचा प्रत्येक सिग्नल माझ्या वाईटावर टपलेला. बाबा दवाखान्यात होते तेव्हा आईने तीन दिवस हाच टाक मुठीत धरला होता. तो वितळला असला तर तिला काय सांगू? आणि नसला तरी काय सांगू? तू जन्मभर कुठल्या परक्या राजाच्या नाण्याला हळदकुंकू वाहिलंस म्हणून?

दुकानात पोचले तेव्हा टाक मुशीत होता, पण भट्टी पेटायची होती. फोन का उचलत नाही म्हणून सोनार माझ्यावरच चिडला. मी चक्क त्याची माफी मागितली आणि टाक परत घेतला. आमच्या घरी हे कुणी खरं मानणार नाही.

आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. टाक तिच्यासमोर ठेवला आणि आटवायला दिल्यापासून त्या राजापर्यंत सगळं रडत रडत सांगून टाकलं. तिने पदराला हात पुसले आणि टाक उलटून राजाला पालथं केलं.

“त्याला असाच ठेवायचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं.”

माहीत होतं तर इतकी वर्षं पूजा कशाला केलीस, असं मी तिलाच रागावून विचारलं. तिने पुन्हा लाटणं उचललं.

“बघ की, कशी निवांत बसलीय,” ती म्हणाली. “ह्या घरात बसलेली बाई मी तेवढीच पाह्यली.”