भाजणीच्या कंपनीत बाबांचं काम

बाबांनी बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे बिझनेस प्लॅन तपासले. शेवटची बदली जयपूरची, रिटायर झाल्यावर आम्ही इथेच राहिलो, आणि त्यांना तपासायला काही उरलं नाही. दिवसभर गॅलरीत नुसते बसायचे. मग मी थालीपिठाची भाजणी विकायला काढली आणि बाबांना पुन्हा ऑफिस मिळालं.

प्लॅन त्यांनीच लिहिला. ग्राहक कोण, तर 'बदलीवर आलेली मराठी कुटुंबे'. धंदा वाढला की प्लॅन सुधारायचा, आणि प्लॅन सुधारल्याशिवाय धंदा वाढू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

एकदा आमेरचा गेस्टहाऊसवाला ऑर्डर घेऊन दारात आला. बाबांनी विचारलं, "आप मराठी हैं?"

"नहीं जी."

"तो थोड़ा बैठिए."

त्याला सोफ्यावर बसवून आत मीटिंग भरली. आई संचालक. तिने कुकरकडे लक्ष ठेवत हात वर केला. ग्राहकांत 'व इतर' हे शब्द घातले गेले, मग ऑर्डर घेतली. तोवर तो बिचारा चहा पिऊन पेंगायला लागला होता.

नवी चक्की आली तीही प्लॅनमध्ये नव्हती. मंजुरी मिळेपर्यंत ती जिन्याखाली चादर पांघरून उभी राहिली. शेजारच्या भाभीजींना वाटलं आम्ही मूर्ती आणलीय. त्या रोज तिच्यापुढे फूल ठेवायच्या. माझं डोकं फिरायचं, पण बाबा खुशीत होते, म्हणून मी चालवून घ्यायचे.

पुढे शहरातल्या सी-स्कीम भागातल्या दुकानांतून मागणी आली, घरात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा शहराबाहेर कानोत्याला कारखान्यासाठी शेड घेतली. बाबांनी प्लॅन पहिल्यापासून तपासायला घेतला. प्रत्येक माणसापुढे एकच प्रश्न, याचं काम काय? शेवटी 'सल्लागार' आला, म्हणजे ते स्वतः.

"याचं काम प्लॅन लिहिणं," ते म्हणाले. "तो तर झाला." आणि त्यांनी शांतपणे स्वतःवर काट मारली.

मला वाटलं गंमत करतायत. पण शेड सुरू व्हायच्या सकाळी टॅक्सी आली, आई आत जाऊन बसली, तरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाजवळच्या खुर्चीतून हलेनात.

"मी प्लॅनमध्ये नाही," ते म्हणाले.

ते पुन्हा त्या गॅलरीत नुसते बसणार, हे मला नको होतं. मी म्हटलं, "चला ना बाबा. माल कोण तपासणार?"

"आई तपासते."

"दुकानदारांशी कोण बोलणार?"

"तूच बोलतेस."

एकेक कारण त्यांनी सराईतपणे फेटाळलं. मुद्दा बरोबर असायचा, हीच पंचाईत. आई टॅक्सीतून ओरडली, "अहो, मतलब येताय की नाही? टॅक्सीवाले भैया खोळंबलेत!"

मग माझा तोल गेला. "काही काम नाहीये तुम्हाला तिथे! कंपनीला काडीचा उपयोग नाही! पण तुम्ही नसलात तर मला करमणार नाही, कळलं?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं.

"हे आधी सांगायचं," ते म्हणाले. "सुधारणा करावी लागेल."

मी प्लॅन आणायला घराकडे वळले. परत आले तर फाटकाजवळची खुर्ची रिकामी होती, आणि बाबा टॅक्सीत पुढच्या सीटवर बसून मला लवकर चल म्हणून हात करत होते.