प्रेस शॉपचं चित्र

आमचा चित्रकारांचा एक लहानसा गट आहे. निवृत्त माणसं जास्त, दोन-चार नोकरीवाले. औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावरची पहिल्या मजल्यावरची खोली आम्हाला शनिवार-रविवार मिळते. दर महिन्याला इथल्याच एखाद्या कलाकाराची चित्रं तिथं लावायची, लोकांशी त्याच्या गप्पा घडवून आणायच्या, एवढंच आमचं काम. कलाकार शोधायची जबाबदारी माझ्याकडं. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळं कोणाचा हात चांगला आहे ते मला आठवत असतं.

गेल्या वर्षी मी करमाडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. आता तो तिशीचा झालाय. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून प्रेस शॉपमध्ये कामाला होता. पत्र्याचा तुकडा मशीनखाली ठेवायचा, मशीन दाबणार, तुकडा काढायचा, पुढचा ठेवायचा, आठ तास हेच. सुट्टीच्या दिवशी तो खोक्यांचे पुठ्ठे उलगडून त्यांवर बॉलपेननं आणि ऑइल पेंटनं चित्रं काढायचा. मी घरी गेले तेव्हा पलंगाखालून त्यानं पुठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला. एकेक दाखवत गेला आणि शेवटचा पुठ्ठा उलटाच बाजूला सारला. तो मी सुलटा केला.

एक प्रेस मशीन होतं, सगळं काळं. समोर एक माणूस पाठमोरा उभा. त्याचा उजवा हात मशीन पुसायच्या चिंध्यांत गुंडाळलेला, आणि अख्ख्या चित्रात लाल रंग फक्त त्या चिंध्यांवर.

"हा माझा जोडीदार हाय, पिशोरचा," तो म्हणाला. "काम पटापट व्हावं म्हणून, हात आत गेला की मशीन थांबवतो तो सेन्सर बंद करून ठेवला व्हता. दोन बोटं गेली त्याची. हे नका लावू बाई."

"कंपनीचं नाव आहे का कुठं?"

"नाय."

"माणसाचा चेहरा दिसतोय?"

"नाय."

"मग काय होतंय?"

इतक्या वर्षांत असं चित्र मी आमच्या खोलीत लावलेलं नव्हतं. मला ते हवंच होतं. आणि मला कुठल्याही गेटवर कार्ड दाखवून आत जायचं नव्हतं, म्हणून 'मग काय होतंय' हे मी इतक्या सहज म्हणू शकले.

शेवटी तेही चित्र भिंतीवर लागलं. प्रदर्शनाच्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला दोन माणसं आली. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र वगैरे काही नाही, हातात गाडीची किल्ली. सगळी चित्रं भराभर बघत ते त्या चित्रापाशी थांबले. एकानं मोबाइल काढून फोटो घेतला. मग जवळ जाऊन आणखी एक घेतला, नुसत्या हाताचा.

माझा विद्यार्थी कोणाशी तरी बोलत होता तो मधेच थांबला. "बाई," तो हळूच म्हणाला, "तो उंच हाय ना, तो आमचा शिफ्ट इन्चार्ज हाय."

इन्चार्ज आमच्याकडंच आला. चेहऱ्यावर हसू होतं. "अरे, तू चित्रं पण काढतो? कधी बोलला नाहीस." मग मागं बोट दाखवून विचारलं, "ते कुठलं आहे?"

विद्यार्थी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. "कल्पनेतलं आहे. मी दिलेला विषय होता."

"कल्पना चांगली आहे," इन्चार्ज म्हणाला. जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहून गेला, 'चित्रे आवडली.' खाली नाव नाही, सही नाही. ते दोन शब्द मी किती वेळा वाचले. धमकी कुठं आहे ते शोधत होते.

खोली बंद करताना विद्यार्थी जिन्यात बसलेला दिसला. "सोमवारी फर्स्ट शिफ्ट हाय," तो म्हणाला. "गेटवर कार्ड लागलं नाय का काम गेलं समजायचं. कोण काय बोलत नाय. वॉचमन म्हणतो, बाजूला थांब. दुपारपर्यंत थांबायचं अन् घरी जायचं. एकाचं झालंय तसं."

मी काहीतरी धीराचं बोलले. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. भीती त्याच्यासाठी होती, पण खरं सांगायचं तर माझ्यासाठीही होती. उद्या कोणी येऊन विचारलं, हे लावायला कोणी सांगितलं, तर?

रविवारी सकाळी मी तासभर आधी पोचले, चित्र खिळ्यावरनं काढलं आणि कपाटामागं भिंतीकडं तोंड करून ठेवून दिलं. थोड्या वेळानं तो आला. रिकामी जागा बघितली, मला बघितलं, आणि बाकीची चित्रं सरळ करू लागला. मला वाटलं, त्याला बरं वाटलं असेल.

अकराच्या सुमाराला एक माणूस आणि त्याची बायको जिना चढून आली. त्याचा उजवा हात खिशात होता. माझ्या विद्यार्थ्यानं पुढं होऊन त्याला मिठी मारली तेव्हा मला कळलं. पिशोरहून दोन गाड्या बदलून दोघं आली होती.

तो भिंतीवरून नजर फिरवत गेला. "माझं कुठंय?"

मी कपाटापाशी गेले. पुठ्ठा बाहेर काढला. त्यानं तो टेबलावर ठेवायला लावला आणि बराच वेळ वाकून बघितला. त्याची बायको मात्र बघेना. ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

"चूक माझीच व्हती असं लिहून घेतलं माझ्याकडून," तो म्हणाला. "मी पण दिलं लिहून. खरं काय झालं ते दुसऱ्या कोणी चित्रात काढून ठेवलं असंल असं वाटलं नव्हतं." मग विचारलं, "खाली का काढलं?"

"काल कंपनीतली माणसं आली होती," मी म्हणाले. "मी घाबरले."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. "बरुबर हाय. याची नोकरी हाय तिथं. राहू द्या."

माझा विद्यार्थी पुढं आला. त्यानं पुठ्ठा उचलला, खिळ्यापाशी नेला आणि परत लावला. पुठ्ठा वाकडा लागला. "भ्या वाटतंय लई," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पण हा एवढ्या लांबनं आलाय."

सोमवारी मी सकाळपासून फोन हातात धरून बसले. आत मोबाइल नेऊ देत नाहीत हे माहीत असूनही. चार वाजता त्याचा फोन आला. कार्ड लागलं होतं. इन्चार्ज समोरून गेला, एक शब्द बोलला नाही. "ते जास्त वाईट वाटतंय, बाई," तो म्हणाला.

असेच आठवडे गेले. मग एका महिन्याच्या शेवटी ठेकेदारानं काम कमी झाल्याचं सांगून आठ जणांना थांबवलं. त्यात हा होता. बाकीच्या सातांनी कधी चित्र काढलेलं नव्हतं. त्या चित्रामुळं झालं की नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. अजूनही मी त्याचा हिशोब लावत बसते आणि तो लागत नाही.

त्याला आता शहरातच एका फ्लेक्स छापणाऱ्याकडं काम मिळालंय. ते मिळायच्या आधी मी करमाडला गेले होते, माफी मागायला. तो घरी नव्हता. त्याच्या आईनं चहा टाकला, समोर बसली, मी बोलत होते ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी त्याला लहानपणापासून वळखता. तुमी म्हणलं तर तो नाय म्हणत नाय, हे तुमाला ठाव व्हतं ना?"

व्हय, म्हणाले मी. ठाऊक होतं.